‘पा’ पारव्याचा

मुलांनो, इंद्रधनुष्याचे रंग पाठ आहेत ना? डोळे मिटून म्हणा बरं! ता-ना-पि-हि-नि-पा-जा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाब्बास! आता एक सोपा प्रश्न. यातला ‘पारवा’ म्हणजे नेमका कोणता रंग?

अडलात ना? मीही अडले होते. आणि नुसती अडले नाही, तर त्या दिवशी मी एक चूकही केली. आपण या सदरात दर वेळी एका शब्दाचं घराणं शोधतो. आजच्या शब्दाचं घराणं मी शोधलं ते या चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगते.

नांदेड आणि लातूर यांच्या मधल्या एका गावात आमची शाळा आहे. पावसाळ्यातली दुपार होती. पावसाची एक सर येऊन गेली आणि लगेच ऊन पडलं. पूर्वेला सोयाबीनच्या शेतांवर मोठ्ठं इंद्रधनुष्य उमटलं. मी चौथीचा वर्ग व्हरांड्यात आणला आणि सगळ्यांनी एका सुरात ‘तानापिहिनिपाजा’ म्हटलं. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका मुलीने हात वर केला.

“बाई, बाकीचे रंग कळले. पन पारवा म्हंजे कोनता ओ? दाखवा की.”

मी बोट दाखवलं. “तो बघ, निळ्याच्या आणि जांभळ्याच्या मधे.”

“मधी तर काहीच दिसंना. लातूरची माझी मावसबहीण म्हनायली, पारवा असा रंगच नसतोय. त्याला इंडिगो म्हनतेत. तुमच्या शाळेत काहीबी शिकिवतेत म्हनली.”

सगळा वर्ग हसला. खरं सांगू? मलाही निळ्याजांभळ्याच्या मधे वेगळा रंग दिसत नव्हता. पण तसं कबूल करण्याऐवजी मी म्हणाले, “पुस्तकात आहे तसं पाठ कर. फार फाटे फोडू नको.” तिने हात खाली घेतला. पुढचे दहा-बारा दिवस तो हात परत वर आला नाही.

नंतर पालकसभेला तिची आई आली. म्हणाली, “बाई, पोरगी म्हनायली, मला इंग्लिश शाळेत घाला. इथलं शिकल्यालं चुकीचं असतंय म्हनं. काय करावं, तुमीच सांगा.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आले आणि शब्दकोश काढून बसले. एका शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा निघत गेला. थेट दोन हजार वर्षं मागे जाऊन आले म्हणा ना! चला, आता तुम्हालाही नेते.

सिंधूचा ‘स’ कुठे गेला?

सुरुवात ‘इंडिगो’पासून करू. हा शब्द इंग्रजीत आला पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांकडून. त्यांना तो मिळाला लॅटिन भाषेतून. लॅटिन ही जुन्या रोमन लोकांची भाषा. त्यांचा शब्द होता ‘इंडिकम’. आणि इंडिकमचा अर्थ काय? ‘इंडियातलं’, म्हणजे ‘भारतातून आलेलं’! रंगाचं नाव म्हणजे चक्क आपल्या देशाचा पत्ता.

आता हा ‘इंडिया’ शब्द कुठून आला? तो आला सिंधू नदीवरून. तिला जुने इराणी लोक ‘हिंदू’ म्हणत, कारण आपल्या ‘स’च्या जागी त्यांच्याकडे ‘ह’ येई. विश्वास बसत नाही? मग घरातलंच उदाहरण घ्या. आपण सात दिवसांना ‘सप्ताह’ म्हणतो आणि बाबा कर्जाचा ‘हप्ता’ भरतात. सप्ताहातला ‘सप्त’ संस्कृत आणि हप्त्यातला ‘हफ्त’ फारसी. दोन्हींचा अर्थ सातच! म्हणजे तुमच्या हातातलं हे साप्ताहिक आणि बाबांचा हप्ता हे सख्खे चुलत भाऊ आहेत.

इराण्यांकडून हे नाव ग्रीक लोकांकडे गेलं. त्यांच्यातल्या ज्या लोकांनी ते उचललं, त्यांच्या बोलीत ‘ह’चा उच्चारच नव्हता. मग ‘हिंदू’तला ‘ह’ गळाला आणि ‘इंडोस’ उरलं. नदीपलीकडचा देश झाला ‘इंडिया’, आणि त्या देशातून येणारा निळा रंग झाला ‘इंडिकम’.

सिंधू, हिंदू, इंडोस, इंडिया, इंडिकम, इंडिगो. पणजीपासून पणतीपर्यंतची ही सरळ वंशावळ.

प्लिनीची कबुतरं आणि तेरचं कापड

रोममधे प्लिनी नावाचा एक मोठा चौकस माणूस होता. झाडं, प्राणी, दगड, रंग, जे दिसेल त्याची माहिती तो गोळा करायचा. इसवी सन ७७च्या सुमारास त्याने निसर्गाविषयी सदतीस भागांचा एक मोठा ग्रंथ पुरा केला. त्यात त्याने इंडिकमविषयी लिहिलंय. पण त्याने हा रंग तयार होताना कधी पाहिलेला नव्हता. म्हणून त्याने लिहिलं, की इंडियात बोरूच्या फेसाला जो चिखल चिकटतो, त्यापासून हा रंग मिळतो!

हसू आलं ना? पण त्याच्या पुढची माहिती फार मजेची आहे. तो सांगतो, की लबाड व्यापारी कबुतराची विष्ठा रंगवून ती इंडिकम म्हणून विकतात. मग खरं-खोटं कसं ओळखायचं? रंगाची पूड निखाऱ्यावर टाकायची. अस्सल असेल तर सुंदर जांभळट ज्वाला उठते. म्हणजे भेसळ करणारे तेव्हाही होते आणि ती पकडणारेही होते.

त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची वही लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. सिंधू नदीच्या मुखाशी असलेल्या बंदरातून काय काय माल बाहेर जातो, त्याची यादी तिच्यात आहे. त्या यादीत ‘भारतीय काळा’ अशा अर्थाचं एक नाव येतं. अभ्यासक सांगतात, की ती आपली नीळच. नीळ वाळवून तिच्या वड्या पाडल्या की त्या जवळजवळ काळ्याच दिसतात. म्हणजे ज्या नदीचं नाव रंगाला मिळालं, त्याच नदीच्या तोंडातून तो रंग जहाजात चढत होता!

आणि लातूरच्या मुलांनो, आता कान टवकारा. याच वहीत ‘तगर’ नावाच्या एका मोठ्या शहराचा उल्लेख आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथलं साधं कापड, तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाते, असं तो लिहितो. हे तगर म्हणजे आपलं तेर! हो, संत गोरा कुंभारांचं तेर. लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रेल्वेवर ते लागतं. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन इथे हस्तिदंताच्या बाहुल्या सापडल्या. तशाच घडणीची बाहुली १९३८ साली कुठे सापडली माहीत आहे? इटलीतल्या पाँपेई गावात! इसवी सन ७९ मधे व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि ते गाव राखेखाली गाडलं गेलं. त्याच उद्रेकात आपला चौकस प्लिनीही मरण पावला.

म्हणजे प्लिनी ज्या देशाचा रंग चिखलातून येतो असं समजत होता, त्या देशातली बाहुली त्याच्या शेजारच्या गावात कुणाच्या तरी घरात उभी होती. आणि तसल्या बाहुल्या घडवणारे हात आपल्या मराठवाड्यात होते.

हिरव्या पानातून निळा रंग

चिखलातून येत नाही, तर मग नीळ येते कशातून? ती येते एका झुडपातून. कमरेएवढं वाढणारं हे झुडूप तूर-हरभऱ्याच्याच कुळातलं आहे. गंमत म्हणजे त्याची पानं हिरवीगार असतात. पान चोळलं तरी हाताला निळा रंग लागत नाही. मग निळा रंग लपतो कुठे?

झुडपं कापून मोठ्या हौदातल्या पाण्यात बुडवून ठेवतात. काही तासांत ती आंबतात आणि पाणी पिवळट हिरवं होतं. ते पाणी दुसऱ्या हौदात सोडून माणसं त्यात उतरतात आणि वल्ह्यासारख्या फळ्यांनी ते घुसळतात. पाण्यात हवा मिसळली की ते हळूहळू निळं होऊ लागतं. मग गाळ तळाशी बसतो. तो उकळून, दाबून, वाळवून वड्या पाडतात. ही झाली नीळ.

कापड रंगवतानाही अशीच जादू होते. रंगाच्या हौदातून कापड बाहेर काढलं की ते हिरवट-पिवळट दिसतं. वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं!

(आई पांढऱ्या सदऱ्याला घालते ती नीळ मात्र आता या झुडपाची नसते. ती कारखान्यातल्या दुसऱ्या निळ्या रंगाची असते. नाव तेवढं जुनं राहिलंय. पिवळट पडलेल्या कपड्याला जरासा निळा रंग लागला की तो डोळ्यांना पांढराशुभ्र वाटतो. जास्त झाली की काय होतं, ते मी सांगायला नको!)

नीळबाईंची दुसरी वाट

आता घराण्याची दुसरी शाखा बघू. परक्यांनी या रंगाला ‘इंडियातला’ म्हटलं, पण आपण त्याला काय म्हणत होतो? संस्कृतात ‘नील’. नील म्हणजे निळा आणि गडद काळपटसुद्धा. त्यावरून निळा, नीळ, नीलकंठ, निलगिरी ही सगळी भावंडं झाली. शेतात शिरून हरभरा फस्त करणारा रोही तुम्हाला माहीत आहेच. त्याला हिंदीत नीलगाय म्हणतात, ती याच ‘नील’वरून.

हा ‘नील’ही गप्प बसला नाही. तो फारसीत गेला, तिथून अरबीत गेला. अरबीत नामाआधी ‘अल’ लावतात. अल्जिब्रा, अल्कोहोल या शब्दांत आहे ना, तोच ‘अल’. ‘अल-नील’चा उच्चार झाला ‘अन-नील’. पोर्तुगीजांनी तो ऐकला आणि त्यांच्या भाषेत नीळ झाली ‘अनिल’.

पुढे १८४०च्या सुमारास फ्रिट्शे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव वेगळा काढला. त्याला त्याने नाव दिलं ‘अॅनिलीन’. हाच पदार्थ दगडी कोळशाच्या डांबरातूनही मिळतो, हे नंतर स्पष्ट झालं. १८५६ साली लंडनमधे विल्यम पर्किन नावाचा मुलगा सुट्टीत घरी प्रयोग करत होता. वय फक्त अठरा! त्याला मलेरियावरचं क्विनाइन बनवायचं होतं. अॅनिलीनवर प्रयोग करताना क्विनाइन तर बनलं नाहीच, पण भांड्यात जांभळा रंग मिळाला. कारखान्यात तयार होणाऱ्या रंगांचं युग तिथून सुरू झालं. प्रयोग फसला की रडू नका, आधी भांड्याच्या तळाशी बघा!

तर मंडळी, एकच झुडूप, पण त्याचं नाव दोन वाटांनी जगभर गेलं. एका वाटेने देशाचं नाव गेलं, दुसऱ्या वाटेने आपला स्वतःचा ‘नील’ गेला.

इंद्रधनुष्यात शिरकाव

हा रंग इंद्रधनुष्यात कुणी नेऊन बसवला? आयझॅक न्यूटनने. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश नेऊन त्याने रंगांचा पट्टा पाडला. आधी त्याने पाचच मुख्य रंग मोजले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पण संगीतात सूर सात, मग रंगही सात असावेत, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने नारिंगी आणि इंडिगो हे दोन वाढवले. १७०४ साली छापलेल्या त्याच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात हे सातही रंग आहेत.

खरं तर रंगांच्या पट्ट्यात कुठेही कुंपण नसतं. एक रंग हळूहळू दुसऱ्यात मिसळत जातो. कुणाला तिथे सहा रंग दिसतात, कुणाला सात. म्हणजे माझ्या वर्गातली ती मुलगी “मधी तर काहीच दिसंना” म्हणाली, ते अगदी बरोबर होतं! तिने नीट पाहिलं होतं. मी मात्र पाठ केलेलं बोलत होते.

या नावाची एक पणतीही आहे, ती ऐका. १८६३ साली जर्मनीत फ्रायबर्ग इथे राइख आणि रिश्टर हे दोघे एका खनिजाची तपासणी करत होते. राइख यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून दुर्बिणीसारख्या यंत्रातून रिश्टर यांनी पाहिलं. त्यांना आजवर कुणी न पाहिलेली एक गडद निळी रेघ दिसली. नवा धातू सापडला होता! इंडिगो रंगाच्या रेघेवरून त्याचं नाव ठेवलं ‘इंडियम’. आज मोबाइलच्या पडद्याच्या काचेवर जो अगदी पातळ, पारदर्शक थर असतो आणि ज्यामुळे बोट लावलं की पडद्याला कळतं, त्यात हा इंडियम असतो. म्हणजे बाबांच्या मोबाइलवर बोट फिरवताना तुम्ही सिंधू नदीच्या नावाला हात लावत असता, बरं का!

रंगामागचे हात

पण मुलांनो, घराण्याच्या गोष्टीत नुसती बढाई सांगू नये. दुःखही सांगावं. नीळ जगाला हवी होती, म्हणून तिच्यात पैसा होता. तो पैसा झुडपं लावणाऱ्या शेतकऱ्यांना मात्र मिळत नव्हता.

इंग्रजांच्या काळात बंगाल आणि बिहारमधल्या गोऱ्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांवर नीळ लावायची सक्ती केली. धान पेरायचं तर घरात पोटाला हवं, पण हुकूम निळीचा! १८५९ मधे बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ लावायला नकार देऊन उठाव केला. पुढच्याच वर्षी दीनबंधु मित्र यांनी त्यांचं दुःख ‘नीलदर्पण’ या नाटकात मांडलं.

बिहारच्या चंपारणमधे ‘तीनकठिया’ नावाची पद्धत होती. वीस कठ्ठे म्हणजे एक बिघा जमीन. त्यातल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे. इकडे जर्मनीत अॅडॉल्फ फॉन बायर या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत नीळ तयार करण्याचा मार्ग शोधला आणि १८९७ पासून तिथल्या बी.ए.एस.एफ. या कंपनीची कारखान्यातली नीळ बाजारात आली. झाडाच्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी काय केलं? ‘नीळ लावायची नसेल तर वाढीव खंड भरा, नाहीतर रोख पैसे द्या’ असं म्हणून स्वतःचा तोटा शेतकऱ्यांच्याच माथी मारला.

तेव्हा राजकुमार शुक्ल नावाच्या एका शेतकऱ्याने गांधीजींचा पिच्छा पुरवला. “एकदा येऊन बघा,” एवढंच त्यांचं मागणं होतं. एप्रिल १९१७ मधे गांधीजी चंपारणला गेले, हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि १९१८ मधे कायद्याने तीनकठिया बंद झाली. म्हणून ‘नीळ’ म्हटलं की मला हौदात उतरलेली माणसं आठवतात. शब्दाला रंग असतो, तसा घामही असतो.

आणि तोच निळा रंग आपल्याकडे मानाचाही आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला निहंग शीख निळा वेश आणि उंच निळी पगडी घालून येतात. १४ एप्रिलला गावोगावी निळे झेंडे लागतात. रंग तोच, पण ज्याने तो उचलला त्याने त्याला आपला अर्थ दिला.

मग पारव्याचं काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इंडिगोला मराठीत ‘पारवा’ कसं काय म्हणतात?

पारवा म्हणजे रानकबूतर. संस्कृतात त्याला ‘पारावत’ म्हणतात. पारावतचा झाला पारवा. जुन्या विहिरीत डोकावलं की फडफड करत उडतात ना, तेच. त्याच्या पाठीच्या आणि छातीच्या निळसर करड्या रंगाला आपल्या लोकांनी पारवा रंग म्हटलं. ज्यांनी कुणी इंद्रधनुष्याचे सात रंग मराठीत मांडले, त्यांनी निळ्याजांभळ्याच्या मधल्या रंगासाठी हे घरातलं नाव निवडलं. निळीच्या घट्ट निळ्यापेक्षा पारवा थोडा करडा असतो, हे खरं. पण आपले बाकीचे रंग तरी कुठून आले बघा! तांबडा आला तांब्यावरून, नारिंगी नारिंगावरून, जांभळा जांभळावरून. आपल्या माणसांनी जे रोज पाहिलं, त्याचं नाव रंगाला दिलं. रोमनांनी ती वस्तू कुठून येते ते पाहिलं आणि देशाचं नाव दिलं. दोघांनीही आपापल्या डोळ्यांनीच नाव ठेवलं. यात चुकीचं कोण?

आणि बाहेरून आलेल्या शब्दांना आपणही घरात घेतलंच आहे की! ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला. सियाही म्हणजे काळेपणा. तरी आपण खुशाल ‘निळी शाई’ म्हणतो. म्हणजे ‘निळा काळेपणा’! कुणाला खटकतं का?

हे सगळं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. आधी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्या मुलीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी तुला गप्प केलं. ते माझं चुकलं.” वर्ग एकदम शांत. बाई चुकतात हे मुलांना नवीन असावं!

मग म्हणाले, “तू ‘दाखवा की’ म्हणाली होतीस. चला, दाखवते.” शाळेच्या मागे एक जुनी बारव आहे. कठड्यापासून लांब एका रांगेत सगळे उभे राहिले. एका मुलाने टाळी वाजवली आणि आतून पंचवीस-तीस पारवे भुर्रकन वर आले, डोक्यावरून एक फेरी मारून समोरच्या लिंबावर बसले.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ढग भरून आल्यावानी रंग हाय की ओ बाई!”

परत येताना मी इंडिगोची सगळी गोष्ट सांगितली. सिंधूची, तेरची, हौदाची. सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हंजे पारवाबी बरोबर अन् इंडिगोबी बरोबर. मग माझी मावसबहीणबी चुकीची नाही. तिला एवढंच माहीत नाही, की ते नाव आपल्याच नदीचं हाय. मी सांगते तिला.”

मला वाटलं होतं, ती म्हणेल ‘आता बहिणीची जिरवते’. तिने तर बहिणीला गोष्ट सांगायचं ठरवलं!

तिच्या आईलाही मी निरोप दिला, आणि तोच सगळ्या पालकांना सांगते. मुलाला कोणत्या शाळेत घालायचं ते तुम्ही ठरवा. इंग्रजी तर आलंच पाहिजे. पण ‘आपलं आहे म्हणून चुकीचं’ असं समजून पोराने शाळा बदलू नये. तो समज पुढच्या शाळेतही त्याच्याबरोबर दप्तरातून जातो.

आता तुमचा गृहपाठ. आजीजवळ बसा आणि तिच्या लुगड्यांच्या रंगांची नावं विचारा. मोरपंखी, अबोली, आमसुली, डाळिंबी, वांगी… आजी सांगत जाईल, तुम्ही वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या वस्तूवरून आलं ते लिहा. एखादं नाव नाही उलगडलं, तर ते मला कळवा. मीही शोधते. आणि वर्गात काही कळलं नाही, तर हात वर करायला विसरू नका हं. बाई रागावल्या तरी!

तुमची,
बाई